पळून न गेलेल्यांची गोष्ट

तुरुंगातून कैदी पळून जाण्याचा सिनेमा चालू असताना थिएटरच्या अंधारात एक गंमत घडते. आयुष्यात कधी सिग्नल न मोडलेला, घरपट्टी मुदतीच्या आत भरणारा, शेजारच्या पोराने चेंडू मारून काच फोडली तर पोलिसांत जायची भाषा करणारा गृहस्थ श्वास रोखून बसलेला असतो आणि मनातल्या मनात म्हणत असतो, ‘पळ बाबा, पळ! तो पहारेकरी वळायच्या आत पळ!’ त्याच्या शेजारी कदाचित एखादा निवृत्त हवालदारही बसलेला असतो. तोही तेच म्हणत असतो. आमच्या कोल्हापूरच्या प्रेक्षकाला तर मनातल्या मनात काही म्हणण्याची सवयच नाही. कैदी भिंतीवरून पलीकडे पडला की शिट्टी वाजते आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, ‘सुटला गडी!’

कोण सुटला? पडद्यावरच्या माणसाने खून केला असेल, दरोडा घातला असेल. त्या दोन तासांत आपल्याला त्याचे काहीच वाटत नाही. माणूस आत आणि भिंत मध्ये, एवढे दिसले की आपण माणसाच्या बाजूचे होतो. आत का गेला ते नंतर बघू म्हणतो, आणि बहुधा बघायचे राहूनच जाते.

या सिनेमांचा साचा ठरलेला आहे. आधी तुरुंग कसा अभेद्य आहे ते सांगायचे. मग एक साधी वस्तू आणायची. चमचा, खिळा, हातोडी, असे काहीतरी. मग महिनोन् महिने चाललेले काम, रोजची मोजणी, संशय घेणारा अधिकारी, ऐनवेळी कच खाणारा सोबती आणि शेवटी ती एक रात्र. ‘एस्केप फ्रॉम अल्कट्राझ’ हा १९७९ चा चित्रपट असाच आहे आणि तो खऱ्या घटनेवर आहे. जून १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बेटावरून तीन कैदी नाहीसे झाले. अंथरुणात त्यांनी स्वतःची बनवलेली खोटी डोकी ठेवली होती आणि रेनकोट जोडून तराफा केला होता. ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) महायुद्धातल्या जर्मन छावणीतल्या भुयाराची गोष्ट सांगतो. मार्च १९४४ मध्ये त्या भुयारातून ७६ जण बाहेर पडले, ७३ पुन्हा सापडले आणि त्यांतल्या पन्नास जणांना गोळ्या घालण्यात आल्या. प्रत्यक्षात सुटले ते तिघेच.

माझा स्वतःचा लोभ मात्र १९९४ च्या ‘द शॉशँक रिडम्प्शन’वर आहे, आणि त्याचे पहिले कारण अगदी स्वार्थी आहे. त्याचा नायक बँक अधिकारी आहे! तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला पडद्यावर आपल्या जातीचा नायक क्वचितच भेटतो. सिनेमातला बँकवाला एकतर हात वर करून उभा असतो किंवा गरीब शेतकऱ्याच्या घरावर जप्ती आणत असतो. इथे तो तुरुंगाधिकाऱ्यांची करविवरणे भरून देतो, साहेबाच्या काळ्या पैशाचे हिशेब ठेवतो आणि रात्री पोस्टरच्या मागे भिंत कोरतो. दुसरे कारण जरा गंभीर आहे. त्या चित्रपटात ब्रुक्स नावाचा एक म्हातारा आहे. जन्म तुरुंगात गेलेला, तिथले ग्रंथालय सांभाळणारा. त्याला अखेर सोडतात, आणि बाहेरच्या जगात त्याला जगताच येत नाही. तो गळफास घेतो. त्याच्यासमोर आता भिंत नव्हती, पहारेकरी नव्हता. मग त्याला कोणी धरून ठेवले होते? नायकाच्या पलायनाच्या थरारात आपण ब्रुक्सला विसरतो. पण भिंत ओलांडली म्हणजे माणूस सुटला, या समजुतीला त्या म्हाताऱ्याने लावलेला सुरुंग कायमचा आहे.

सुटकेच्या गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. मराठी मुलगा अक्षरओळख होण्याआधी दोन पलायने ऐकतो. एक आग्र्याचे, १७ ऑगस्ट १६६६ चे, मिठाईच्या पेटाऱ्यांचे. आणि दुसरे आमच्या पन्हाळ्याचे. सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा, जुलै १६६० ची ती पावसाळी रात्र, पालखीत बसून मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद आणि घोडखिंडीत उभा राहिलेला बाजीप्रभू. आजही जुलै लागला की पाठीवर पिशव्या टाकून तरुण मुले चिखल तुडवत पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे निघतात. भालजी पेंढारकरांनी त्यावर चित्रपट केला, २०२२ मध्ये दिग्पाल लांजेकरांनी केला, आणि पुढेही कोणीतरी करील. पुढच्या काळात ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मार्सेलिसला बोटीच्या खिडकीतून समुद्रात मारलेली उडी. ती फसली, पण आपल्या आठवणीत यशस्वी सुटकेइतकीच ती ठळक आहे.

उलट टोकाचेही एक उदाहरण आहे. १६ मार्च १९८६ ला चार्ल्स शोभराज दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पळाला तो पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून. तीन आठवड्यांनी, ६ एप्रिलला, गोव्यात पर्वरीच्या एका रेस्टॉरंटमध्ये मुंबईचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला पकडले. चिन्मय मांडलेकर यांचा २०२५ चा ‘इन्स्पेक्टर झेंडे’ त्यावरच आहे. मिठाई आग्र्यालाही होती आणि तिहारलाही, पण दोन पलायनांचे वजन एक नाही, हे सांगायला कोणा पंडिताची गरज लागत नाही. तरीही सिनेमाच्या अंधारात आपण दोन्हीकडे श्वास रोखतो. म्हणजे हा थरार नीतीच्या आधीचा आहे. पिंजऱ्यातला पोपट उडाला की बरे वाटते, तसा.

फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ याने १९५६ साली ‘अ मॅन एस्केप्ड’ नावाचा चित्रपट केला. शेवट काय ते नावातच सांगून टाकले, आणि तरी पहिल्या रिळापासून अखेरपर्यंत जीव टांगणीला लागतो. तो ज्या घटनेवर आहे ती ल्यों शहरातल्या माँल्युक तुरुंगात १९४३ च्या ऑगस्टमध्ये घडली. जर्मनांनी मृत्युदंड दिलेला एक फ्रेंच अधिकारी तिथून निसटला होता. हे साल वाचताना मी नेहमी थबकतो. कारण त्याच्या अगोदरच्याच महिन्यात, २४ जुलै १९४३ रोजी, कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर सांगलीत जे घडले ते ल्योंच्या गोष्टीपेक्षा कणभर कमी नव्हते.

सांगली तेव्हा पटवर्धनांचे संस्थान. तुरुंग गणेशदुर्ग किल्ल्यात, आणि किल्ल्याभोवती खंदक. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहून अखेर पकडले गेलेले वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तिथे कैदेत होते. ल्योंच्या अधिकाऱ्याने रात्रीची वेळ निवडली. यांनी दिवसाढवळ्या तुरुंग फोडला. पहारेकऱ्यांवर झडप घालून बंदुका काबीज केल्या, तटावर चढले आणि खाली खंदकात उड्या टाकल्या. जुलै महिना, कृष्णा भरलेली, वाटा चिखलाच्या. मागे पोलीस आणि गोळ्या. वसंतदादांच्या खांद्यात गोळी घुसली. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव या दोघांना त्या दिवशी हौतात्म्य आले. दादा पुन्हा पकडले गेले. पळून कायमचे निसटणे हा यशाचा अर्थ असेल, तर सांगलीचे पलायन फसले असे म्हणावे लागेल. पण आमच्या दोन जिल्ह्यांत कोणी तसे म्हणत नाही. तुरुंग फोडणारा तो पद्माळ्याचा तरुण १९७७ साली महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला. एकेकाळी ज्याच्यामागे सरकार बंदुका घेऊन धावले तोच पुढे सरकार झाला, असे कादंबरीत लिहिले तर संपादक ‘जरा जास्त होतंय’ म्हणून समासात खूण करील.

यातली एक गोष्ट मला लेखक म्हणून महत्त्वाची वाटते. सांगलीच्या तुरुंगाला त्या तरुणांवर हक्कच नव्हता. ज्या सत्तेने त्यांना कोंडले ती त्यांनी मनाने कधीच मान्य केली नव्हती. म्हणून तट ओलांडताना त्यांना अपराधी वाटण्याचा प्रश्न नव्हता. उलट एकमेकांवरचा त्यांचा हक्क पक्का होता. एकट्याने गुपचूप निसटण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून उघड उडी टाकणे त्यांनी पसंत केले. भिंत त्यांना धरू शकली नाही, पण शब्द आणि सोबत यांनी त्यांना गोळ्यांच्या पावसातही धरून ठेवले.

आता याच्या नेमकी उलटी गोष्ट, आणि तीही आजच्या सांगली जिल्ह्यातलीच.

आटपाडी तालुका म्हणजे माणदेश. पाऊस पाहुण्यासारखा येणारा, मेंढरे आणि माळ. हा मुलूख त्या काळी औंध संस्थानात होता. औंध हे ७२ गावांचे छोटे संस्थान, पण त्याचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हा माणूस मोठा. सूर्यनमस्कारांचा प्रचारक, स्वतः चित्रकार, कलासंग्राहक. त्यांच्या दरबारी मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर आला. वॉर्सात जन्मलेला, म्हैसूर संस्थानात विजेच्या कारखान्यात काम केलेला, रमण महर्षींकडे आणि गांधीजींकडे ओढला गेलेला. भारतानंद या नावानेही तो ओळखला गेला. गांधीजींचा सल्ला घेऊन औंधच्या राजाने १९३९ साली आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना दिली, त्यात या फ्रीडमनचा मोठा वाटा होता. पुढे मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीतून जगापुढे आणणारा तो हाच.

त्याच सुमाराला या दोघांनी आटपाडीजवळच्या ओसाड माळावर एक वसाहत उभी केली आणि तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. तिथे राहायला आणले गेले ते शिक्षा झालेले कैदी, आणि तेही बायकामुलांसह. भोवती तट नाही, कुलूप नाही. दगड वेचा, जमीन करा, पिकवा आणि खा. तुरुंगाला स्वतंत्रपूर म्हणायला धाडस लागते, आणि ते म्हटल्यावर दरवाजे उघडे ठेवायला त्याहून जास्त लागते. राजे गेले, संस्थान विलीन झाले, राज्याचा कारागृह विभाग आला, तरी ती वसाहत टिकली.

ही गोष्ट ज्याच्या कानांवर होती तो माणूस म्हणजे माडगूळचा कवी. गजानन दिगंबर माडगूळकर औंध संस्थानातले. पोटासाठी कोल्हापूरला आले, मास्टर विनायकांच्या ‘हंस’मध्ये पडेल ते काम केले, १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त छोटीशी भूमिका केली आणि मग लेखणीने मराठी चित्रपट व्यापून टाकला. आणि दुसरा माणूस कोल्हापूरचाच शांताराम वणकुद्रे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करून घडलेला, १९२९ मध्ये चार भागीदारांबरोबर कोल्हापुरात ‘प्रभात’ काढणारा. गदिमांची कथा आणि शांतारामबापूंचा कॅमेरा यांतून १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ आला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. संगीत सावंतवाडीकडच्या वसंत देसाईंचे. त्यातली भरत व्यासांची प्रार्थना नंतर देशभरच्या शाळांत म्हटली गेली, आणि ती मुळात खुनी कैद्यांसाठी लिहिली गेली हे म्हणणाऱ्या मुलांना बहुधा माहीत नसे.

या चित्रपटाला आपण ‘संस्कारक्षम’ असा शिक्का मारून कपाटात ठेवले आहे. माझे म्हणणे असे की तो मुळात तुरुंगातून पळण्याचा थरारपट आहे; फक्त उलटा विणलेला. आदिनाथ नावाचा जेलर सहा खुनी कैदी मागून घेतो, वरिष्ठांना लिहून देतो आणि त्यांना एका उजाड जागी नेऊन मोकळे सोडतो. नेहमीच्या थरारपटात प्रश्न असतो, हे पळू शकतील का? इथे पहिल्या दहा मिनिटांत त्याचे उत्तर मिळते. पळायला कोणी अडवतच नाही. मग प्रश्न उरतो, हे पळतील का? हा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त छळतो. कारण भिंत किती उंच आहे ते फूटपट्टीने मोजता येते, मनाचे तसे नाही. सहाजण पळायला निघतातही. आणि त्यांना अडवतात ते जेलरचे दोन डोळे. तो समोर नसतानाही पाठीवर जाणवणारे. ज्यांनी एकेकाळी कोणाचे डोळे न बघता सुरा चालवला त्यांना आता त्या डोळ्यांपासून सुटता येत नाही आणि ते माघारी येतात. बारा हातांवर पहारा दोन डोळ्यांचा, हे नाव नुसते शोभेसाठी ठेवलेले नाही.

मग ते भाजी पिकवतात, बाजारात नेतात, रास्त भावात विकतात. आणि इथे गदिमांनी कथेला असा पीळ दिला आहे की टोपी काढावी. बाजारावर मक्तेदारी असलेल्या व्यापाऱ्याला हे परवडत नाही. त्याची माणसे या सहाजणांना मारतात, आणि हात उगारायचा नाही असा शब्द दिलेला असल्यामुळे ते मार खातात. गजाआड कोणाला ठेवायला हवे होते, असा प्रश्न एक शब्द न बोलता उभा राहतो. शेवटी मळ्यात बैल घुसवले जातात आणि जेलर त्यांना अडवताना मरतो. चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना खरोखर इजा झाली, बरेच दिवस पट्टी बांधून अंधारात काढावे लागले, आणि त्या अंधारात दिसलेल्या रंगांतून पुढे १९५९ चा ‘नवरंग’ निघाला, हे सर्वश्रुत आहे.

हा चित्रपट मी पुन्हा पाहतो तेव्हा माझ्यातला बँकवाला मात्र शांत बसत नाही. बँकेच्या स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. एकाच्या किल्लीने दार उघडत नाही. याला आम्ही जॉइंट कस्टडी म्हणत असू. यात कोणावर अविश्वास नाही असे आम्हाला प्रशिक्षणात सांगत, पण सगळा कारभार अविश्वासावरच बेतलेला असे आणि त्यात गैर काही नाही. दुसऱ्याचा पैसा सांभाळायचा तर हेच बरोबर. मग दुसऱ्याचा जीव घेतलेल्या माणसाच्या हाती किल्ली देणारा आदिनाथ शहाणा की भोळा? शिवाय चित्रपटात एक बाजू जवळजवळ येतच नाही. ज्यांचे खून झाले त्यांची. त्यांच्या विधवांनी, मुलांनी हे सहाजण बाजारात भाजी विकताना पाहिले असते तर त्यांना काय वाटले असते? हा प्रश्न ‘संस्कारक्षम’ म्हणून मिटवता येत नाही. सगळेच कैदी मोकळ्या वसाहतीत सोडावेत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. स्वतंत्रपुरातही निवडूनच माणसे नेली जात.

पण याच नोकरीने मला दुसरी बाजूही दाखवली. ऐंशीच्या दशकात माझी बदली माणदेशातल्या एका शाखेत झाली होती. गरिबांना शेळ्या-मेंढ्यांसाठी सरकारी योजनेतून कर्ज देण्याचे ते दिवस. एक उंच, वाळका, पन्नाशीचा माणूस अर्ज घेऊन आला. मागच्या वर्षांतला राहण्याचा पत्ता विचारला तर म्हणाला, ‘स्वतंत्रपूर.’ आमच्या क्लार्कने मान वर करून माझ्याकडे पाहिले. जामीनदार कोण? भाऊबंद उभे राहायला तयार नव्हते. दोन आठवड्यांनी तो गावच्या शाळेतल्या गुरुजींना घेऊन आला. गुरुजींनी चष्मा पुसला, कागद पूर्ण वाचला, सही केली आणि एवढेच म्हणाले, ‘साहेब, माझी पेन्शन जवळ आलीय बरं का.’ ते माझ्याशी बोलले, पण ऐकायचे ज्याला त्याने ऐकले.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. तालुक्यातली निम्मी कर्जे थकली आणि त्यात हट्टेकट्टे जमीनदारही होते. हा माणूस दर महिन्याला येई. कधी पूर्ण हप्ता, कधी निम्मा, एकदा तर मोडीच्या नाण्यांत. शेवटचा हप्ता भरला तेव्हा ‘कर्ज फिटलं’ असे मी म्हटले. त्याला त्याचे काही वाटलेले दिसले नाही. तो म्हणाला, ‘गुरुजींच्या सहीचा कागुद मला द्या. त्यांच्या हातात नेऊन देतो.’ कागद असा देता येत नाही. मी कर्ज फिटल्याचा दाखला करून दिला, गुरुजींच्या नावासह. तो त्याने चार घड्या करून आतल्या खिशात ठेवला. त्याला धरून ठेवले होते ते कर्जाच्या करारनाम्याने नव्हे. तेव्हा मला आदिनाथच्या डोळ्यांचा अर्थ थोडासा कळला.

‘जामीन’ हा आपल्या भाषेतला विलक्षण शब्द आहे. बँकेतही तोच आणि कोर्टातही तोच. दुसऱ्याच्या शब्दाखाली आपली सही करणारा माणूस, असा त्याचा अर्थ. तुरुंगाच्या भाषेत असाच आणखी एक शब्द आहे. पॅरोलला आपल्या नियमांत ‘अभिवचन रजा’ म्हणतात. इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतलेल्या ‘पॅरोल’ या शब्दाचाही अर्थ ‘शब्द’ असाच. म्हणजे शब्दावर माणूस सोडायची कल्पना औंधच्या राजाची किंवा गदिमांची लहर नव्हे. ती कायद्याच्या पुस्तकात आधीपासून बसलेली आहे. कोरोनाच्या साथीत २०२० साली गर्दी कमी करण्यासाठी राज्यातल्या हजारो कैद्यांना तात्पुरते घरी सोडले, तेव्हा तिची मोठी परीक्षाच झाली. काही जण परतलेच नाहीत आणि त्यांच्यावर नवे गुन्हे दाखल झाले. त्यांच्या बातम्या आल्या. जे ठरल्या दिवशी पिशवी घेऊन आपल्या पायांनी तुरुंगाच्या दारात येऊन उभे राहिले, त्यांची बातमी होत नाही. बँकेतही थकबाकीदारांची यादी निघते, वेळेवर भरणाऱ्यांची निघत नाही.

आज आपल्या तुरुंगांची अवस्था काय आहे? २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती. जागा होती ४ लाख ३६ हजारांची. आणि त्यांतले दर चारांतले तीन कच्चे कैदी. म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे असे. त्यांतल्या कित्येकांना कोर्टाने जामीन मंजूर केलेला असतो, पण रक्कम नसते किंवा सही करायला कोणी गुरुजी नसतो, म्हणून ते आत असतात. तुरुंग फोडण्याचा कोणताही सिनेमा यांच्यावर निघणार नाही. त्यांना अडवणारी भिंत हातोडीने फुटणारी नाही. एका सहीच्या जागेएवढीच ती आहे.

दुसरीकडे ज्यांनी शब्दावर विश्वास टाकून पाहिला त्यांचा अनुभव लाजिरवाणा नाही. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरला १९६३ पासून खुली वसाहत आहे. तिथले कैदी कुटुंबासह राहतात, सकाळी शहरात कामाला जातात आणि संध्याकाळी हजेरीला परततात. सांगलीचा तुरुंग फोडणारे वसंतदादा पुढे १९८५ साली याच राजस्थानचे राज्यपाल झाले. इतिहासालाही अधूनमधून कादंबरीकाराची हौस येते, ती अशी.

कोल्हापुरात राहणाऱ्याला तुरुंग रोज दिसतो. बिंदू चौकातून जाताना सबजेलची जुनी भिंत लागते. शहराबाहेर कळंब्याला मध्यवर्ती कारागृह आहे. त्याच कळंब्याच्या कैद्यांनी वळलेले लाडू मध्यंतरी काही वर्षे अंबाबाईच्या प्रसादाला होते. लांबून आलेले भाविक रांगेत उभे राहून ते घेत, कपाळाला लावत आणि घरी नेऊन नातवंडांच्या हातावर ठेवत. कोणाच्या हातचे, म्हणून कोणी नाक मुरडलेले मी पाहिले नाही. ‘दो आँखें’मधल्या बाजारात सहाजणांची भाजी लोकांनी घेतली, तेच हे. गुन्हा कोणी विसरले नव्हते, शिक्षाही चालूच होती. तेवढ्यात हातांना दुसरे काम मिळाले होते.

पुढच्या रविवारी घरी कोणी तुरुंग फोडण्याचा सिनेमा लावला तर जरूर बघा. मीही बघेन, आणि भिंतीवरून पडणाऱ्या गड्यासाठी माझाही श्वास अडकेल. फक्त तो संपल्यावर, जमले तर, शांतारामबापूंचा तो जुना कृष्णधवल चित्रपट लावा आणि नातवंडांना एकच कोडे घाला. दार उघडे आहे, कुलूप नाही, बंदूक नाही, रात्र काळोखी आहे. मग हे सहाजण माघारी का आले?